सरळ चेंडू

फोनमधली ती बाई कोण, हे मला दोन क्षण कळलंच नाही. पाठमोरी, करड्या रंगाचा बिनबाह्यांचा सदरा घातलेली, बिलियर्डच्या टेबलावर ओणवी. आणि क्यू चेंडूला लागायच्या ऐन वेळी उजव्या हाताचं कोपर बाहेर फेकणारी. अंगावर पाणी उडालेली कोंबडी एकच पंख झटकते तसं काहीतरी. "ही कोण गं मावशी?" मी म्हणाले. "हिला कुणी धड शिकवलेलं दिसत नाही." शुएइ मावशी हसली नाही. मावशी मयताला गेली तरी हसण्याजोगं काहीतरी शोधून येते, त्यामुळे तिचं न हसणं मला चमत्कारिक वाटलं. "अंगावरचा सदरा बघ," ती म्हणाली, "आणि मग मला सांग ही कोण ते." मी मान खाली घालून माझा सदरा बघितला. करडा होता. बिनबाह्यांचा होता. मग ती अर्ध्या मिनिटाची फिल्म मी सात-आठ वेळा पाहिली आणि दर वेळी ते कोपर बाहेर गेलं. माझा हात घड्याळाच्या लंबकासारखा सरळ जातो-येतो असं मी जवळजवळ चाळीस वर्षं धरून चालले होते. आतून मला अजूनही तसंच वाटतं. स्वतःचा आवाज पहिल्यांदा टेपवर ऐकल्यावर माणूस ओशाळतो तशी मी ओशाळले. पण आवाज निदान लोकांना आधीपासून ठाऊक असतो, आपल्यालाच काय तो नवा. मग हे कोपरही लोकांना ठाऊक होतं की काय, असं मनात आलं आणि मी फोन मावशीला परत दिला.

मी सकाळी दहाला येते आणि बारापर्यंत खेळते. काओश्युंगच्या येनचेंग भागातल्या ह्या जुन्या हॉलमध्ये त्या वेळी कुणी नसतं. खालचं भांड्यांचं दुकान उघडत असतं, त्याच्या शटरचा आवाज वर येतो. मधूनच बंदराकडून भोंगा वाजतो. आणि मावशी ब्रश घेऊन टेबलांवरचं हिरवं कापड एकाच दिशेनं झाडत असते. ती माझी सख्खी मावशी नव्हे. हा हॉल माझ्या वडिलांचा होता आणि ती इथं गुण लिहायला होती. त्या काळी प्रत्येक टेबलामागे एक मुलगी असायची. चेंडू मांडायचे, फळ्यावर गुण लिहायचे, हरलेल्याला कोहळ्याचा गार चहा आणून द्यायचा, जिंकलेल्याकडे बघून हसायचं, एवढं तिचं काम. रोज दहा-बारा तास खेळ बघून ह्या मुलींना खेळणाऱ्यांपेक्षा खेळ जास्त कळायला लागायचा, फक्त त्यांना कुणी विचारायचं नाही. बाबा थकले तेव्हा हॉल तिनंच घेतला. मी दात करते. म्हणजे डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, त्यावरून मी घरी बसून कवळ्या बनवते. एक दात केसभर उंच झाला तर गिऱ्हाईक महिनाभर शिव्या घालतं, आणि बरोबर घालतं. केसभर अंतर ओळखण्यावर जिचं पोट चालतं, तिला स्वतःचं वीतभर बाहेर जाणारं कोपर दिसू नये, ह्याचं मला त्या दिवशी रागापेक्षा हसू जास्त आलं. हसता हसता मी घरी गेले आणि एका म्हाताऱ्या मास्तरांचे खालचे चार दात चुकीच्या रंगाचे बसवले.

सरळ चेंडू हा सगळ्यांत सोपा, असं न खेळणाऱ्यांना वाटतं. पांढरा चेंडू, दुसरा चेंडू आणि पॉकेट एका रेषेत. मारायचं की गेलं. खेळणाऱ्यांना माहीत असतं की तिरप्या चेंडूत चूक लपते, सरळ चेंडूत लपायला जागा नसते. आणि मला तर सरळ चेंडूनंच बुडवलेलं आहे. एकोणीस-वीस वर्षांची होते. थाइचुंगला मुलींची निवड स्पर्धा होती. जिंकलं तर व्यावसायिक म्हणून नाव लागणार, मग आयुष्यभर दुसऱ्यांचे दात करायला नको. सहा-सहा अशी बरोबरी झाली, शेवटचा डाव माझ्या हातात होता, टेबलावर शेवटचा, नऊ नंबरचा चेंडू एकटा उरला होता, आणि तो सरळ होता. इतका सरळ की समोरची मुलगी क्यू खोलून पिशवीत भरायला लागली होती. चेंडू पॉकेटच्या डाव्या ओठाला लागला, तिथल्या तिथे दोनदा डुचमळला आणि बाहेर येऊन बसला. त्या मुलीला क्यू पुन्हा जोडावा लागला. पुढचं सांगण्यासारखं नाही.  परत आल्यावर काओश्युंगच्या स्टेशनाबाहेर स्कूटरला किल्ली लावताना बाबा म्हणाले, "हात आहे गं तुझ्याकडे. काळीज नाही." दुसऱ्या दिवशी हॉलवर लोकांनी विचारलं तेव्हा त्यांनी त्यात थोडी भर घातली. "हात माझा उचललाय तिनं, काळीज आईचं." लोक हसले. आई पलीकडे पेले धूत होती, तीही हसली. पुढं हे वाक्य आमच्या हॉलचं जणू बोधवाक्य झालं. नवा कुणी आला की त्याला ते सांगितलं जाई.

आई भित्री होती हे खरं. विजेला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, पलीकडच्या बेटावर जायची बोट पाच मिनिटांची, तरी तिच्यात कठड्याला धरून उभी राहायची. रस्त्यात बाबांचा दंड सोडायची नाही. तिचं काळीज मला मिळालं असेल तर मग करणार काय, असं मी धरून चालले. माणूस आपल्याबद्दलचं एखादं वाक्य असं अंगाला लावून घेतो की त्यावरच पुढचे कपडे चढवत जातो. मी स्पर्धा सोडल्या. लग्न केलं, तेही फार काळ टिकलं नाही. तेव्हा नवऱ्याच्या घरून निघताना मला वाटलं, दुसरी कुणी काळजाची असती तर भांडून राहिली असती, किंवा भांडून निघाली तरी असती. मी नीट पिशवी भरून निघाले. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. खेळणं पुन्हा सुरू केलं ते पंचेचाळिशीत, डॉक्टरांनी पाठीसाठी चालायला सांगितलं म्हणून. टेबलाभोवती चालणं हेही चालणंच. बाबांना मी हे सांगितलेलं नव्हतं. ते सकाळी बागेत वडाखाली बुद्धिबळ खेळायला जातात, मी दहाला निघते, कोणी कोणाला काही विचारत नाही. आता मावशीच्या हॉलचा संघ शहराच्या स्पर्धेत असतो. चौघं-चौघं खेळतात, बरोबरी झाली तर प्रत्येक संघ एकाचं नाव देतो आणि एकच डाव होतो. तीन वर्षं मी संघात आहे. त्या एका डावासाठी मावशीनं माझं नाव कधी दिलं नाही. "तुझं नाव लिहायला माझा हात धजत नाही," ती सरळ सांगते, आणि मलाही ते बरोबरच वाटत आलं होतं. मला तो एक डाव खेळायचा होता. बाकी काही नको होतं.

म्हणून मी कोपर सुधारायला घेतलं. फायलीतल्या कागदांच्या भोकांना लावायची पांढरी कडी मिळतात, ती कापडावर दोन जागी चिकटवली, म्हणजे चेंडू दर वेळी तिथल्या तिथेच बसेल. सोया दुधाची रिकामी बाटली आडवी ठेवली आणि क्यूचं टोक काचेला न लागता तिच्या तोंडातून आत-बाहेर करायचं, हे रोज दोनशे वेळा. पहिले चार दिवस टिंग टिंग एवढंच ऐकू येत होतं. मावशी म्हणाली, "देवळात आल्यासारखं वाटतंय, उदबत्ती लावू का?" मग हळूहळू टिंग कमी झालं. आठव्या दिवशी दोनशेमध्ये तीनदाच वाजलं. हात खरंच सरळ जायला लागला होता. खांद्याला ते परकं लागत होतं, नव्या चपलेसारखं, पण जात होता. मग मी बाटली बाजूला केली आणि सरळ चेंडू मारायला घेतले. शंभर मारायचे ठरवले होते. नऊ गेले.

एक्याण्णव चुकले. मावशी फळ्यावर लिहीत होती, जुनी सवय. "नाचता येईना, अंगण वाकडं," ती खडू झटकत म्हणाली. "तुझं ते कोंबडीचं कोपर बरं होतं बाई." मी पॉकेटकडे बघत होते. डाव्या ओठावर एकाच जागी चेंडूंचे घासलेले डाग पडले होते, नाण्याएवढ्या वर्तुळात. एक्याण्णव चेंडू, सगळे डावीकडे, सगळे सारखेच चुकलेले. मी त्या जागेवरून बोट फिरवलं. हॉल शांत होता, पंखा फिरत होता. आणि मला एकदम असं वाटलं की भीती इतकी नेमकी नसते. भ्यालेला माणूस कधी इकडे चुकतो, कधी तिकडे, कधी चुकून बरोबरही मारतो. केसाच्या अंतरानं सारखं चुकायला साचा लागतो. साच्यात वाकडेपण असलं की शंभर कवळ्या एकसारख्या वाकड्या निघतात, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणजे माझी नजरच मुळात उजवीकडे रोखलेली होती, पांढरा चेंडू उजव्या अंगाला लागला की पुढचा डावीकडे जाणारच, आणि कोपर बिचारं इतकी वर्षं शेवटच्या क्षणी बाहेर पडून ते सावरून घेत होतं, मला न सांगता. हजार वेळा सावरलं. जिथं अंग आखडलं तिथं ते पुरतं बाहेर आलं नाही, आणि नऊ नंबर डाव्या ओठाला लागला. अंगण खरोखरच वाकडं होतं.

मी मावशीला हे सांगितलं. तिनं बराच वेळ ऐकून घेतलं, मग म्हणाली, "हात पुढे कर. दोन्ही. अंगठे जोड, मधे खिडकी कर. त्या खिडकीतून पलीकडचं घड्याळ बघ. आता डावा डोळा मीट." घड्याळ जागेवर होतं. "उजवा मीट." घड्याळ उडी मारून भिंतीत गेलं. "म्हणजे तू उजव्या डोळ्यानं बघतेस," ती म्हणाली. "आता खाली वाक नेहमीसारखी." मी वाकले. तिनं माझ्यासमोर येऊन, डोकं तिरकं करून पाहिलं. "क्यू डाव्या डोळ्याखाली," ती म्हणाली. "आणि तोंड हे असं उजवीकडे सरकलेलं."  आणि ती माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघायला लागली. तिथं बाबांचा जुना फोटो आहे, खेळतानाचा, हॉल उघडला त्या वर्षीचा. मला वळून बघायची गरज नव्हती. तो फोटो मला पाठ आहे. क्यू डाव्या डोळ्याखाली, तोंड उजवीकडे सरकलेलं. दारातून येणारे लोक माझी पाठ बघूनच म्हणायचे, ही मु-शेंगची पोर. नवव्या वर्षापासून तशी उभी राहते मी. बाबा मागे उभे राहायचे, माझी हनुवटी चिमटीत धरायचे आणि उजवीकडे सरकवायचे, अजून जरा, अजून जरा, हां. "आता दिसते का रेषा?" मला दिसायची नाही. मी म्हणायचे, दिसते. कारण ते हां म्हणाले की त्यांची बोटं हनुवटीवरून गालावर यायची आणि एक टिचकी मारायची, आणि ती टिचकी मला पाहिजे असायची.

"पण त्यांचं कोपर सरळ होतं," मी म्हणाले. "त्यांचं जायचं सरळ." मावशी म्हणाली, "त्यांचं सरळच जायचं. त्यांना डाव्यानंच दिसत असेल." ती हे सहज बोलून गेली आणि पाण्याची बादली घेऊन मागे गेली. डाव्यानंच. कितीतरी जणांचा डावा डोळा जास्त चालता असतो, त्यात विशेष काही नाही. पण मी घरी जाताना, सिग्नलला उभी असताना, तो 'च' माझ्या कानात राहिला. मला त्यांच्या कवळीचं माप आठवलं. पाच-सहा वर्षं झाली त्याला. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर त्यांना बसवून मी मापाचा ट्रे उजव्या बाजूनं तोंडाशी नेला, आणि ते असे दचकले की ट्रे जमिनीवर पडला. दाताला घाबरतात म्हणून मी त्यांना दिवसभर चिडवलं होतं. माझा हात त्यांना आलेला दिसलाच नव्हता. मग एकामागून एक गोष्टी यायला लागल्या आणि मी त्या थांबवू शकेना. चहा ओतताना पेल्याच्या उजव्या कडेवरून नेहमी थोडा सांडणारा. हॉलमध्ये बसायची त्यांची ठरलेली जागा, उजव्या अंगाला भिंत असलेली. स्कूटर उजवीकडे वळवताना अख्खं धड फिरवून बघणं. आणि त्यांच्या उजव्या हाताला आई. नेहमी उजव्याच हाताला. बाजारात, देवळात, स्टेशनावर, नातेवाइकांच्या लग्नात ती गर्दीतून वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला यायची आणि दंड धरायची, आणि सगळे म्हणायचे, बायको भित्री आहे बुवा मु-शेंगची, सोडत नाही. ती विजेला भीत असेल, लिफ्टला भीत असेल. रस्त्यात ती भीत नव्हती. तिकडून येणारी वाहनं ती बघत होती. सिग्नल हिरवा झाला तरी मी उभीच होते, मागच्या स्कूटरवाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा हलले.

मला राग आला हे मी लपवणार नाही. मात्र तो यायला वेळ लागला. आमच्याकडे सगळंच उशिरा पोचतं. त्या रात्री बाबांना मासळी घातलेली भाताची पेज वाढली तेव्हा मी वाटी मुद्दाम उजवीकडे ठेवून पाहिली. त्यांनी ती हातानं चाचपून घेतली, टीव्हीवरची नजर न हलवता, इतक्या सराईतपणे की मला स्वतःचीच लाज वाटली. असला प्रयोग जनावरावर करतात. पुढचे काही दिवस मी नुसता सराव करत राहिले. क्यू उजव्या डोळ्याखाली आणायचा, बस, दोन बोटांची गोष्ट. पण मान ऐकेना. ती आपली सरकायची तिकडेच, जुन्या जागी, कुणी चिमटीत धरल्यासारखी. मी तिला परत आणायची. नवव्या वर्षापासूनची मान अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दुसरीकडे न्यायची म्हणजे आपणच आपल्या घरात भाडेकरू म्हणून राहायला जाणं. पण रेषा दिसायला लागली. खरंच दिसायला लागली, चेंडूपासून पॉकेटपर्यंत, आखल्यासारखी. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी चेंडू मारलाच नाही, नुसती वाकून बघत राहिले. हे सगळ्यांना असं दिसतं होय, आणि हे इतकं सोपं असतं? तिसऱ्या आठवड्यात शंभरामध्ये ब्याऐंशी गेले, आणि चुकलेले अठरा दोन्ही बाजूंना विखुरलेले होते. मावशीनं आकडा लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. "नाव लिहू का तुझं? निर्णायक डावासाठी?" "थांब," मी म्हणाले. "आधी एक काम आहे." त्या एका वाक्याचं काय करायचं ते ठरल्याशिवाय मला तो डाव खेळायचा नव्हता. चेंडू गेला असता तर बाबा म्हणाले असते, आलं वाटतं काळीज. नसता गेला तर काही म्हणायचीही गरज नव्हती.

"उद्या माझ्याबरोबर हॉलवर चला," मी त्यांना म्हटलं.

"कशाला? शुएइचं थोबाड बघायला?"

"माझा खेळ बघायला."

ते पेज ढवळत राहिले. मी खेळते ह्याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. बोटांना लागलेला क्यूचा निळा खडू कुठल्याही बापाला दिसतो, एका डोळ्यानंही. "तुझा खेळ मी पाहिलाय," ते म्हणाले. पण सकाळी नवा सदरा घालून, कवळी लावून, दाराशी तयार होऊन बसले होते.

बावीस पायऱ्या ते भिंतीला हात लावत चढले. मी उजव्या बाजूनं चालले. त्यांनी एकदा माझ्याकडे वळून पाहिलं, अख्खं धड फिरवून. वर मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. "या मालक! मला वाटलं मेलात तुम्ही." "तू लिहिलेले गुण तपासल्याशिवाय कसा मरेन?" बाबा म्हणाले. दोघं खूश झाली. मग ते न विचारता आपल्या जागेवर जाऊन बसले, उजवा खांदा भिंतीला टेकवून. मावशीनं कोहळ्याचा चहा आणून ठेवला, डाव्या हाताशी, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी भाजी घेऊन येते." तिला भाजी आणायला जायची काही गरज नव्हती, शेपूची जुडी तिथंच टेबलावर पडलेली होती.

मी सरळ चेंडू मारायला लागले. सहा मारले, सहा गेले. सातवा गेला नाही. माझी पाठ त्यांच्याकडे होती. पाठीला कळत होतं ते कुठं बघतायत ते.

"ही मान कुणाची?" बाबा म्हणाले.

"माझी."

"भिकार दिसतेय."

"चेंडू जातोय ना पण."

"जातोय," ते म्हणाले. चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. मी क्यू टेबलावर आडवा ठेवला आणि वळले.

"बाबा, उजव्या डोळ्यानं तुम्हाला किती दिसतं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. नीट, मधोमध, काही न सांडता. "आईनं सांगितलं?"

"नाही."

"ती नाही सांगायची." ते उठून टेबलाशी आले आणि माझा क्यू हातात घेतला. त्याचं वजन पाहिलं. "लाव चेंडू. सरळ लाव." मी दोन कड्यांवर दोन चेंडू ठेवले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं अंग हळूहळू दुमडत खाली गेलं, एकेक सांधा विचारून, आणि मग एकदम भिंतीवरचा फोटो टेबलावर आला: तोंड उजवीकडे, क्यू डाव्या डोळ्याखाली. हात सरळ गेला. चेंडू गेला, आणि पांढरा जागच्या जागी थांबला. मी तोंड भरून "वा!" म्हणाले, इतक्या दिवसांच्या रागासकट, तसं म्हणण्याजोगंच होतं ते.

"आता पुन्हा लाव. आणि इकडं ये. माझा डावा डोळा झाक."

मी त्यांच्या बाजूला जाऊन तळहात त्यांच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. त्यांनी क्यू मागे घेतला आणि मारला. टोक पांढऱ्या चेंडूच्या कडेला घसरलं; चेंडू भलतीकडे, टेबलाच्या कडेच्या रबरावर जाऊन आपटला. "ऐंशी सालापासून हे असं," बाबा वाकल्या वाकल्याच म्हणाले. "हॉलच्या आधी जहाजं तोडत होतो. गंजाचा कपचा उडाला. एवढासा. धक्क्यावर सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून काम बंद. आणि पुढं इथं सांगितलं असतं तर प्रत्येक जण माझ्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला असता, ऐन वेळी हलायला. तुला माहितायत ना आपले लोक." मला माहीत होते आपले लोक. "लायसनच्या डोळे तपासणीला काय केलं?" मी विचारलं. "हात बदलला," ते म्हणाले. "झाकलेला डोळा तोच ठेवला. तुझ्या आईनं आदल्या दिवशी शिकवलं." आणि ते हसले; माझ्या तळहाताखाली त्यांचा गाल वर आला. मग हसू थांबलं. ते उठले नाहीत. मीही हात काढला नाही. त्यांच्या पापण्या माझ्या हाताला लागत होत्या.

"थाइचुंगला," बाबा म्हणाले.

"हं."

"नऊ नंबरला कोपर बाहेर गेलं तुझं. पण अर्धंच गेलं. मी मागेच उभा होतो. मला दिसलं."

खाली दुकानात कुणीतरी पातेली एकात एक रचत होतं.

"मग?"

"मग काय. सगळा हॉल आला होता बघायला. मान कुणाची आहे ते सगळ्यांना माहीत होतं." त्यांनी टेबलाची कड धरली. "मी काळीज म्हणालो. ते सोपं होतं."

"आईचं म्हणालात."

"आईचं म्हणालो. तिलाही सगळं माहीत होतं. ती हसली."

माझा तळहात ओला झाला. त्यांच्या डोळ्यानं की माझ्या घामानं, ते मला सांगता येणार नाही.  इतका वेळ वाकून राहायचं त्यांचं वय नव्हतं.

"काढ आता हात," बाबा म्हणाले. "मला काही दिसत नाहीये."

"थांबा जरा," मी म्हणाले, आणि दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरला.